पदकाचा रिकामा रकाना

सैनिकाच्या नावापुढे कोणते पदक लागावे हे रणांगणावर ठरते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. ते दप्तरात ठरते. रणांगणावर जे घडते ते पाहणारे दोन-चार जण असतात. त्यांतले एक-दोन तिथेच पडतात. उरलेल्यांच्या सांगण्यावर वरच्यांचा विश्वास बसत नाही, किंवा त्यांना कोणी विचारतच नाही. मग पलटणीचा कारकून रजिस्टरच्या त्या रकान्यात एक आडवी रेघ मारतो आणि पान उलटतो. ती रेघ खोडून तिथे जे लिहायला हवे होते ते लिहवून घ्यायला त्या माणसाचे उरलेले आयुष्य पुरत नाही. अनेकदा त्याच्या विधवेचेही पुरत नाही. आमचे भांडण त्या रेघेशी आहे.

विषय लष्करी आहे, आपल्याला काय करायचे, असे म्हणून वाचकांनी पुढच्या कवितेकडे वळू नये. ज्यांना आजोबा-पणजोबांच्या जन्माचे दाखले शोधत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्यांना नोंद म्हणजे काय चीज असते हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आधी एक प्रकरण नीट सांगतो, कारण ते आपल्याकडे फार थोड्यांना नीट माहीत आहे. ७ सप्टेंबर १९६५. भारत-पाकिस्तान युद्ध पेटलेले. पहाटे आदमपूरच्या तळावरून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने सरगोध्यावर हल्ला करायला निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते. त्या तुकडीत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या नावाचे कूर्गचे एक वैमानिक होते. मुळात ते राखीव. कोणाचे विमान ऐनवेळी बिघडले तर त्याची जागा घ्यायची, एवढेच त्यांचे काम. पण ते निघाले. बाकीची विमाने परत आली, देवय्या आले नाहीत. भारतीय दप्तरात नोंद झाली, ‘बेपत्ता’. कसे, कुठे, कोणाशी लढून, यातले काही नाही. ज्यांनी पाहिले असते असे आपल्या बाजूला कोणी नव्हते.

पलीकडच्या बाजूला मात्र एक जण होता. पाकिस्तानी हवाई दलाचा फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. तो स्टारफायटर चालवत होता. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे अमेरिकन विमान. देवय्यांचे मिस्टेअर त्याच्यापुढे म्हणजे शर्यतीच्या घोड्यापुढे टांग्याचे तट्टू. अमजद हुसेनने ते विमान टिपले, ते संपले असे समजून तो दुसऱ्या सावजाकडे वळला. तेवढ्यात जखमी मिस्टेअर वळून त्याच्यावर आले. मिस्टेअरने स्टारफायटर पाडले. अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरून वाचला. देवय्या वाचले नाहीत. तिकडच्या गावकऱ्यांनी त्यांचे दफन केले. अमजद हुसेनला त्या युद्धातल्या कामगिरीसाठी सितारा-ए-जुर्रत मिळाला. देवय्यांच्या रकान्यात रेघ.

ही हकीकत भारताला कळली कशी? आपल्या चौकशी समितीमुळे नाही. १९७९ साली जॉन फ्रिकर नावाच्या ब्रिटिश लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरचे पुस्तक आले. ते पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेले, म्हणजे तिकडच्या बाजूचा डंका पिटणारे. पण त्यात त्यांचे एक स्टारफायटर एका भारतीय मिस्टेअरने पाडल्याची कबुली होती. मग इकडे जुन्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. त्या सकाळी परत न आलेले मिस्टेअर कोणाचे होते? तनेजा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी पाठपुरावा केला. १९८८ साली देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले आणि ते त्यांच्या पत्नीच्या हाती पडले. २३ वर्षांनी. यातली शेवटची नऊ वर्षे तर पुस्तक छापून बाजारात आल्यानंतरची आहेत, हेही लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट. १९७१ च्या युद्धात हाच अमजद हुसेन अमृतसरवर आला, भारतीय तोफांनी त्याचे विमान पाडले आणि तो आपल्याकडे युद्धकैदी झाला. ज्या एका माणसाला देवय्यांचे काय झाले ते ठाऊक होते तो आपल्याच कैदेत होता, आणि तरीही आपल्या दप्तरातली ती जागा कोरीच राहिली. दप्तराला प्रश्नच पडत नाहीत, ही दप्तराची खरी खोड.

मुस्लिम लेखकांच्या अंकात कूर्गच्या हिंदू वैमानिकाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. आमचे उत्तर असे की, नोंदीच्या दुरुस्तीचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हांला या देशात दिसत नाही. शिवाय यातला साक्षीदार कोण होता ते पाहा. शत्रू. तोही पाकिस्तानी, तोही मुसलमान. त्याची बाजू सांगणाऱ्या पुस्तकावर विसंबून भारत सरकारने आपले दुसऱ्या क्रमांकाचे युद्धशौर्य पदक दिले आणि ते योग्यच केले. साक्ष खरी आहे की खोटी एवढेच पाहायचे असते, साक्षीदाराची टोपी पाहायची नसते, हे सरकारने १९८८ साली कागदावर मान्य केलेले आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाची साक्ष पोलीस चौकीत कशी घेतली जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी हे साल लिहून ठेवावे.

या प्रसंगावर बेतलेला एक हिंदी चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात नावे बदललेली होती. पडद्यावर नाव बदलून चालते. रजिस्टरात एक अक्षर बदलले की माणूस दुसराच होतो.

आता आपल्या घरचे बोलू. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आपल्या वस्त्यांतून जी भाषणे होतात ती आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. वक्ता उभा राहतो. पहिले नाव ब्रिगेडियर महंमद उस्मान, दुसरे अब्दुल हमीद, तिसरे, वक्ता जरा वाचणारा असेल तर, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन. टाळ्या. चौथे नाव विचारले की वक्ता पाणी पितो. आम्ही या तिघांपैकी कोणाचेही महत्त्व कमी करत नाही. ३ जुलै १९४८ रोजी झांगरला पडलेला उस्मान आणि सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण विभागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा हमीद, ही माणसे कोणाच्या टाळ्यांवर अवलंबून नाहीत. आमची तक्रार टाळ्या घेणाऱ्यांविषयी आहे.

हमीद यांनी नेमके किती रणगाडे उद्ध्वस्त केले? कोणी चार सांगतो, कोणी सात, कोणी आठ. आमच्याकडच्या एका सभेत तर तो आकडा दोन अंकी झालेला आम्ही ऐकला. परमवीर चक्राच्या मानपत्रात जे वर्णन आहे ते आणि लोकांत रूढ झालेला आकडा यांचा मेळ बसत नाही. आता यात दोन शक्यता. एक तर लोकांनी आकडा वाढवला, किंवा मानपत्र घाईत लिहिले गेले आणि त्याने केलेले सगळे काम त्यात आलेच नाही. युद्ध चालू होते. परमवीर चक्र जाहीर झाले तेव्हा तोफा थंडही झाल्या नव्हत्या. दुसरी शक्यता खरी असेल, तर देशातल्या सर्वांत प्रसिद्ध मुसलमान सैनिकाच्या नोंदीतही भर घालायची राहून गेली आहे. साठ वर्षे त्याच्या नावाने सभा घेणाऱ्यांपैकी किती जणांना पलटणीची युद्धदैनंदिनी मागून तो आकडा एकदाचा पक्का करावासा वाटला? २०२५ च्या आरंभी त्यांच्या धामूपूर गावच्या शाळेच्या दारावरून त्यांचे नाव गेले आणि ओरड झाल्यावर पुन्हा रंगवले गेले. तेव्हा आपल्याकडेही निषेधाची पत्रके निघाली. निघायलाच हवीत. पण भिंतीवरचे नाव रंगाने येते आणि रंगाने जाते. दप्तरातले नाव सहज जात नाही, म्हणून तर ते सहज लिहिलेही जात नाही.

या सभांच्या मुळाशी एक केविलवाणी धडपड असते. कोणीतरी आमच्या राष्ट्रनिष्ठेचा दाखला मागतो आणि आम्ही खिशातून हमीद काढून दाखवतो. हे आम्हांला मान्य नाही. पदक हा कोणा समाजाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. एका माणसाने एका दिवशी जे केले त्याची ती पावती आहे, आणि ती त्या माणसाची व त्याच्या वारसांची मालमत्ता आहे. तिच्यासोबत दरमहा भत्ता असतो, राज्य सरकारची रोख रक्कम असते, रेल्वेची सवलत असते. सेना मेडल शौर्यासाठीही दिले जाते आणि विशिष्ट सेवेसाठीही. सेवापुस्तकात ‘शौर्य’ हा शब्द गळाला की भत्ता गेला. एका शब्दाची किंमत म्हातारपणी दर महिन्याला मोजावी लागते. ज्याला हे भावनेचे प्रकरण वाटते त्याने निवृत्त शिपायाच्या घरातले औषधांचे बिल पाहावे.

दप्तर चुकतेच. चुकू नये असे आमचे म्हणणे नाही. कारगिलमध्ये टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले होते, आणि ते तर रुग्णालयात जखमांवर उपचार घेत होते. ती चूक लगेच सुधारली गेली, कारण चुकीचा पुरावा खाटेवर बसून बोलत होता. प्रत्येकाचे एवढे नशीब नसते.

त्याच कारगिलमधले दुसरे प्रकरण पाहा. बटालिक विभागात ७० व्या ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग. त्यांची शिफारस महावीर चक्रासाठी झाली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. हाती आले विशिष्ट सेवा पदक, जे लढाईचे पदकच नव्हे. युद्धानंतरच्या अहवालात त्यांची कामगिरी खाली ओढली गेली होती. ते झगडत राहिले. २०१० च्या मे महिन्यात सशस्त्र दल न्यायाधिकरणाने निकाल दिला की वरिष्ठाचा तो अहवाल पक्षपाती होता, आणि त्यांच्या कामगिरीची नोंद दुरुस्त करावी. म्हणजे देशाच्या न्यायासनाने सांगितले की युद्धाचा इतिहास चुकीचा लिहिला गेला आहे, तो पुन्हा लिहा. तोवर ११ वर्षे उलटली होती आणि ब्रिगेडियर निवृत्त झाले होते. हा ब्रिगेडियर होता म्हणून वकील लावू शकला, म्हणून वृत्तपत्रांनी दखल घेतली. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरचा लान्स नायक काय करील? इंग्रजीतला अर्ज लिहून घ्यायलाच त्याला शाळामास्तर शोधावा लागतो.

तो अर्ज गेला की ठरलेले उत्तर येते, मुदत संपली. शौर्याच्या शिफारशीला मुदत असते, तक्रारीला मुदत असते, न्यायाधिकरणात जायलाही सहा महिन्यांची मुदत असते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. आमचा प्रश्न असा की, नोंद चुकली कोणाकडून? शिपायाने तर स्वतःचे रजिस्टर लिहिले नव्हते. लिहिणाऱ्याने चूक करायची आणि ती वेळेत न सापडल्याची शिक्षा ज्याची नोंद चुकली त्याने भोगायची, हा न्याय कुठला? देवय्यांच्या बाबतीत मुदत २३ वर्षे थांबू शकली, तर शिपायाच्या बाबतीत का थांबत नाही?

अमेरिकेचे नाव काढले की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. इराक-अफगाणिस्ताननंतर त्या पडल्याच पाहिजेत. पण दप्तराच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सैन्यात दहा लाखांहून अधिक काळे सैनिक होते, आणि चारशेच्या वर दिल्या गेलेल्या ‘मेडल ऑफ ऑनर’पैकी एकही त्यांच्यातल्या कोणाला मिळाले नाही. एकही नाही. पन्नास वर्षे ‘त्या लायकीचे कोणी नव्हते’ हेच उत्तर होते. मग १९९३ साली खुद्द लष्कराने एका विद्यापीठाला जुने कागद तपासायला लावले. १३ जानेवारी १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना ते पदक दिले. सातांपैकी जिवंत होता एकच, व्हर्नन बेकर. १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत लढलेला हा लेफ्टनंट तेव्हा ७७ वर्षांचा होता. पुढे २००० साली आशियाई वंशाच्या २२ जणांच्या नोंदी अशाच सुधारल्या गेल्या. त्यांतले बरेचसे जपानी वंशाचे होते. ज्या जपानी वंशाच्या लोकांना युद्धकाळात संशयावरून छावण्यांत कोंडले होते, त्यांचीच ही पोरे. संशयाखालच्या समाजाच्या पोरांची पदके कमी का भरतात, हे समजायला फार मोठे समाजशास्त्र लागत नाही. शिफारस लिहिणारा अधिकारी ज्या चष्म्यातून बघतो तोच चष्मा रकान्यापर्यंत जातो.

आणि हे फक्त रंगाचे किंवा वंशाचे प्रकरण नाही. केंटकीचा गोरा शेतकरी गार्लिन कॉनर २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समध्ये लढला. त्याला मिळालेले पदक त्याच्या कामगिरीपेक्षा खालचे आहे, असे सोबत्यांचे म्हणणे होते. लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने अर्ज फेटाळला. तो १९९८ साली वारला. विधवा लढत राहिली. २०१४ साली न्यायालयानेही मुदतीवर बोट ठेवले. तरी प्रकरण पुन्हा मंडळापुढे गेले आणि २६ जून २०१८ रोजी त्या म्हातारीच्या हाती ‘मेडल ऑफ ऑनर’ पडले. वीस वर्षांहून जास्त काळ गेला, हे खरे. पण ठोठावायला दार होते. तिथे असे मंडळ कायद्याने बसवलेले आहे, आणि लोकप्रतिनिधीने मागणी केली तर मुदत संपलेले शौर्याचे प्रकरणही पुन्हा तपासावे लागते. आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरण आले, ते २००९ पासून चालू आहे, त्याचे एक पीठ मुंबईत आहे. त्याआधी सैनिकाला उच्च न्यायालयाच्या रिट अर्जाशिवाय दुसरा मार्गच नव्हता. आमच्या आमदार-खासदारांनी इफ्तारच्या पंगतीतून थोडी सवड काढून असे मंडळ मागितले, तर त्यात सगळ्या जातिधर्मांच्या शिपायांचे भले आहे.

कागदच उरला नसेल तर? हेही होते. सेंट लुईसच्या लष्करी दप्तरखान्याला १९७३ साली आग लागली आणि एक कोटी साठ लाखांवर फायली जळाल्या. तेव्हा तिथे पगारपत्रके, रुग्णालयाच्या नोंदी, राज्यांकडचे कागद यांवरून सेवापुस्तके पुन्हा उभी करण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडे आग लागावीही लागली नाही. बांगलादेश युद्धाचे पूर्व कमांडच्या मुख्यालयातले कागद नष्ट केले गेल्याचे २०१० साली वृत्तपत्रांत आले. जनरल जेकब यांनी सांगितले की १९७४ साली त्यांनी पदभार घेतल्यावर ते कागद मागितले, तेव्हा ते फाडून टाकल्याचे त्यांना कळले. ज्या युद्धाच्या विजयाचा आपण दर डिसेंबरात उत्सव करतो त्याची ही कथा. आता त्या आघाडीवरचा एखादा हवालदार म्हणाला की माझी शिफारस झाली होती, तर त्याच्याकडे पुरावा मागण्याचा नैतिक अधिकार कोणाला उरतो?

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा या दप्तराशी संबंध जुना आहे. ब्रिटिश काळात मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन इराकमध्ये कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस खाऊन दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण यावे लागले. त्यानंतरची पायपीट आणि कैद यात किती गेले ते वेगळेच. बसऱ्याच्या स्मारकावर त्या आघाडीवरच्या मृतांची आठवण कोरली आहे. गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी शिपायाचा फक्त आकडा आहे, पलटणीखाली एक संख्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने आपल्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या लाखभराहून जास्त मृतांची नावे कोरलीच गेली नाहीत, हे त्यांनी कबूल केले. शंभर वर्षांनी का होईना, पण कबूल केले. ज्याचे नावच नाही त्याच्या पदकाचा प्रश्न कोण काढणार?

आणि कोकण. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची किती मुसलमान घरे आगबोटीवरच्या खलाशांच्या पगारावर उभी राहिली, हे त्या भागातल्या वाचकांना ठाऊक आहे. दोन्ही महायुद्धांत पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांच्या भट्टीखान्यात हीच माणसे होती. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे, हजारो नावे आहेत. आपल्यातले किती जण तिथे गेले? जे जातात त्यांना एक अडचण येते. गोऱ्या कारकुनाने ऐकू आले तसे नाव लिहिले. आडनाव नाही, बापाचे नाव आडनाव झाले. एकाच घरातला एक भाऊ शेख, दुसरा शेक, तिसरा शैख. गावाचे नाव तर असे की इंग्रजी वळणातून पुन्हा मराठीत यायला ते तयारच नाही. आजोबांचे पदक मागायला गेलेल्या नातवाला सांगतात, हा माणूस तुमचा आजोबा असल्याचे सिद्ध करा. चूक कारकुनाची, सिद्ध करायचे नातवाने.

हे केवळ जुन्या काळाचे रडगाणे असते तर आम्ही एवढी पाने खर्च केली नसती. २०१९ च्या मे महिन्यात आसाममध्ये तीस वर्षे लष्करात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका मुसलमान अधिकाऱ्याला परकीय नागरिक ठरवून छावणीत डांबले गेले. त्याच्या जबाबात भरतीचे साल १९८७ ऐवजी १९७८ पडले होते. दोन अंकांची अदलाबदल. लष्कराच्या दप्तरात त्याची तीस वर्षे होती, पण ते दप्तर उघडून पाहावे असे कोणाला वाटले नाही. जूनमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तो बाहेर आला. रकान्यातल्या अंकाने माणूस देशाबाहेर जाऊ शकतो, तर रकान्यातल्या रेघेकडे आम्ही ‘जाऊ द्या, पदकच ते’ म्हणून कसे पाहावे?

‘जाऊ द्या’ म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. अल्लाहच्या दरबारात सगळी नोंद आहे, असे ते म्हणतात. असेल. पण तो दरबार पेन्शन देत नाही, आणि या दरबाराने केलेली चूक त्या दरबाराच्या खात्यावर टाकणे हा आळस आहे. दुसरे म्हणणारे पुरोगामी. युद्धच वाईट, मग पदकांचे कसले कौतुक? युद्ध वाईट आहे हे आम्हीही मानतो. पण युद्ध जाहीर करणाऱ्यांची नावे पाठ्यपुस्तकात आणि त्यात पाय गमावणाऱ्याच्या नावापुढे रेघ, ही शांततावादाची कुठली तऱ्हा?

तेव्हा भाषणे आवरून कामाला लागावे. ज्यांच्या घरात अशी पत्र्याची पेटी आहे त्यांनी ती उघडावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, पलटणीतून आलेली पत्रे, जुने फोटो, काहीही फेकू नये. शौर्यपदक जाहीर झाले असेल तर ते भारताच्या राजपत्रात छापलेले असते. तो अंक आणि तारीख शोधावी. ती सापडली की निम्मे काम झाले. मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे. मराठा पलटणीचे बेळगावला आहे, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. सेवापुस्तकात नोंद चढवणारा पार्ट टू ऑर्डर निघाला होता का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नक्कल मागावी. पदक जाहीरच झाले नसेल, नुसती शिफारस असेल, तर काम कठीण आहे. तिथे बरोबर लढलेल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात, आणि ते सोबती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. १९७१ ला विशीत असलेला जवान आज किती वर्षांचा आहे ते मोजा आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. संरक्षण खात्याने जून २०२१ मध्ये जे धोरण मंजूर केले, त्यानुसार पंचवीस वर्षांपुढच्या लष्करी कागदांची तपासणी होऊन ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायचे आहेत. त्या धोरणाचा हवाला देऊन युद्धदैनंदिनीतले त्या दिवसाचे पान मागता येते. नाही म्हणाले तर ‘नाही’ लेखी मागावे.

जमातीच्या संस्थांकडे पैसा आहे, इमारती आहेत, वकिली शिकलेली पोरेही आता आहेत. प्रत्येक जिल्ह्यात दोन वकील आणि इंग्रजी पत्रव्यवहार जाणणारा एक निवृत्त सुभेदार एवढे बसवले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात महिन्यातून एकदा खेप घातली, आणि येणाऱ्याला तू कोणत्या धर्माचा असे न विचारता त्याचा अर्ज लिहून दिला, तरी पुष्कळ होईल. अर्जात सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण, लढाईचे ठिकाण, तारीख आणि पदकाचे पूर्ण नाव असावे. नावाचे जितके वेगवेगळे स्पेलिंग कागदांत आढळतात तितके सगळे लिहावेत. मूळ कागद देऊ नयेत, नकला द्याव्यात. पोचपावती जपून ठेवावी.